चारशेंच्या पंगतीत आठ पानं: अमेरिकेतल्या 'ऑनर्स'मध्ये नक्की काय मिळतं?

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या विद्यापीठांची उत्तरं यायला लागतात आणि अनेक मराठी घरांत, पुण्यात काय नि न्यू जर्सीत काय, सारखाच पेच पडतो. मुलीला एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठाने घेतलंय, पण फी पूर्ण आपल्या खिशातून. दुसरीकडे एका सरकारी विद्यापीठाने प्रवेशाच्या पत्रासोबत आणखी एक पत्र जोडलंय: तुमची आमच्या ऑनर्स कॉलेजसाठी निवड झाली आहे. आजी विचारते, "म्हणजे पहिली आली का गं?" बाबा म्हणतात, "जास्तीचा अभ्यास असणार. कशाला नसती उठाठेव?" काकांना वाटतं, आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाचं ऑनर्स निघालंय, तेच हे. तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि अडचण अशी की त्या तिन्ही गोष्टी खरोखरच अस्तित्वात आहेत. तेव्हा आधी हा गुंता सोडवू, मग फायद्या-तोट्याकडे वळू.

## एकाच नावाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे पदवी प्रमाणपत्रावरचा शेरा. 'कम लाउडे', 'मॅग्ना कम लाउडे', 'सुम्मा कम लाउडे' असे चढत्या क्रमाचे लॅटिन शब्द तिथे छापलेले असतात. आपल्याकडच्या 'प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्यासह' याचीच ही तिकडची तऱ्हा. बहुतेक ठिकाणी तो गुणांवरून ठरतो. त्यासाठी वेगळं काही शिकवलं जातंच असं नाही. हा शेरा किती स्वस्त होऊ शकतो, हे हार्वर्डने दाखवून दिलं. 2001 मध्ये तिथून बाहेर पडलेल्या 91 टक्के विद्यार्थ्यांना कुठला ना कुठला ऑनर्स मिळालेला होता. 'बॉस्टन ग्लोब'ने ते छापल्यावर बोभाटा झाला आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यावर 60 टक्क्यांची मर्यादा घातली. आजीच्या प्रश्नाचं उत्तर या खान्यात येतं, आणि ते फारसं महत्त्वाचं नाही.

दुसरी गोष्ट विभागाची. इतिहास, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र अशा एखाद्या विभागात शेवटच्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली थिसिस, म्हणजे छोटा प्रबंध, लिहायचा. तो मान्य झाला तर त्या विषयातला ऑनर्स. यासाठी प्रवेशाच्या वेळी निवड व्हावी लागत नाही. तिसऱ्या वर्षी चांगले गुण आणि तयार मार्गदर्शक असला की काम भागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑनर्स कॉलेज किंवा ऑनर्स प्रोग्रॅम. मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं हे छोटं कॉलेज. यात बहुधा पहिल्या वर्षीच वेगळी निवड होते. त्यासाठी निबंध वेगळे, कधी मुलाखतही वेगळी. पेन स्टेटचं श्रायर, ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, टेक्सास विद्यापीठाचा ऑस्टिनमधला 'प्लॅन टू', व्हर्जिनिया विद्यापीठाचे इकोल्स स्कॉलर्स ही यातली माहितीतली नावं. त्या पत्रात असतं ते हे.

चौथी गोष्ट पैशांची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथली मोअरहेड-केन शिष्यवृत्ती 1945 मध्ये ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या धर्तीवर सुरू झाली. चारही वर्षांचा खर्च आणि वर प्रत्येक उन्हाळ्यात काहीतरी ठरवून करण्याचे पैसे असं तिचं स्वरूप आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही तिला अर्ज करता येतो. शेजारचं ड्यूक आणि चॅपल हिल मिळून रॉबर्टसन स्कॉलर्स चालवतात, सन 2000 पासून. त्यातल्या मुलांना एक सत्र दुसऱ्या कॅम्पसवर राहून काढावं लागतं. बास्केटबॉलच्या मैदानात या दोन विद्यापीठांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, हे ठाऊक असलेल्यांना त्यातली मौज कळेल.

या चार गोष्टी एकमेकींत मिसळतातही. ऑनर्स कॉलेजात घेतलं म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच असं नाही, उलट बॅरेटसारख्या ठिकाणी ऑनर्सचं शुल्क वेगळं भरावं लागतं. पत्र वाचताना 'यातली कुठली?' हे आधी ठरवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

## एक्स्टर्नलची कल्पना

ऑनर्सची पद्धत अमेरिकेत रुजवण्याचं बरंचसं श्रेय फ्रँक ॲडेलॉट या इंग्रजीच्या प्राध्यापकाला जातं. इंडियानात वाढलेला हा माणूस ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, आणि तिथे एक किंवा दोन विद्यार्थ्यांसमोर बसून शिकवणारा ट्यूटर त्याने पाहिला. परतल्यावर त्याला अमेरिकी कॉलेजांची कवायत खटकू लागली. सगळ्यांनी एकाच वेगाने चालायचं, तेही सरासरी विद्यार्थ्याच्या. ज्याला पळता येतं त्यानेही रांग मोडायची नाही. 1921 मध्ये तो फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि 1922 मध्ये त्याने तिथे ऑनर्स सुरू केलं. ते आजही चालू आहे.

स्वार्थमोरची रचना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण या सगळ्या प्रकाराचा गाभा तिथे उघडा दिसतो. शेवटच्या दोन वर्षांत ऑनर्सचा विद्यार्थी सेमिनार घेतो. सेमिनार म्हणजे साधारण आठ मुलं, एक प्राध्यापक आणि आठवड्यातून एकदा काही तासांची बैठक. मुलांनी लिहिलेले निबंध आधीच सगळ्यांना वाटलेले असतात. व्याख्यान नाही; निबंधावर वाद. मध्ये खाण्यापिण्याची सुट्टी असते, आणि कुठल्या सेमिनारचं खाणं चांगलं यावरही तिथे चर्चा होते म्हणतात.

खरी गंमत शेवटी आहे. दोन वर्षं शिकवलेले प्राध्यापक या मुलांची अंतिम परीक्षा घेतच नाहीत. ती घ्यायला दुसऱ्या विद्यापीठांतून त्या विषयातली माणसं बोलावली जातात. आधी लेखी, मग समोरासमोर तोंडी. मिळणारा दर्जा तेच ठरवतात.

महाराष्ट्रात प्रॅक्टिकल किंवा व्हायवा दिलेल्या कुणालाही 'एक्स्टर्नल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आदल्या दिवशी "एक्स्टर्नल कोण येणार?" याचा शोध, "कडक आहेत का?" याची चौकशी, प्रयोगवहीला घाईघाईने घातलेलं कव्हर. फरक इतकाच की आपल्याकडे एक्स्टर्नल बहुतेकदा पंधरा मिनिटांचा पाहुणा असतो, तर स्वार्थमोरमध्ये त्याच्या हातात सगळा निकाल असतो. यामुळे शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्याचं नातं पालटतं. ऑनर्सचा दर्जा ठरवणारा तिसराच असल्यामुळे प्राध्यापकाची मर्जी राखण्यात अर्थ उरत नाही. त्याच्याशी वाद घालता येतो, "मला हे कळलेलंच नाही" असं न घाबरता सांगता येतं. येणाऱ्या परीक्षकासमोर दोघंही एकाच बाजूला असतात. मला विचाराल तर ऑनर्स नावाच्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत चांगली युक्ती, आणि नेमकी तीच इतरांनी सर्वांत कमी उचलली. बाहेरून माणसं बोलवायला पैसे लागतात, आणि आपलं शिकवणं दुसऱ्याने तपासलेलं फार जणांना आवडत नाही.

## मोठ्या विद्यापीठांना याची गरज का भासली?

स्वार्थमोर आजही दोन हजारांच्या आतलं कॉलेज आहे. तिथे आठ मुलांचा वर्ग भरवणं जमतं. सरकारी विद्यापीठांचं गणित वेगळं. 1944 च्या जी.आय. बिल या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि वर्ग फुगले. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि आपली हुशार मुलं आपण गर्दीत हरवतोय की काय, अशी अमेरिकेला धास्ती बसली. टेक्सासचा 'प्लॅन टू' 1935 पासूनचा, म्हणजे या सगळ्याच्या आधीचा. पण मिशिगनचं ऑनर्स 1957 चं, ओरेगनचं क्लार्क ऑनर्स कॉलेज आणि व्हर्जिनियाचे इकोल्स स्कॉलर्स 1960 चे, हा योगायोग नव्हे. पुढे बॅरेट 1988 मध्ये आणि श्रायर 1997 मध्ये आलं. ही दोन्ही नावं देणगीदारांची. श्रायर मोठ्या गुंतवणूक संस्थेचे प्रमुख होते, बॅरेट इंटेलचे.

यात विद्यापीठांचा स्वार्थही होता आणि आहे. राज्यातली वरच्या गुणांची मुलं खासगी विद्यापीठांकडे जाऊ नयेत, क्रमवारीत आपण खाली घसरू नये, देणगीदारांना दाखवायला काहीतरी चकचकीत असावं. ऑनर्स म्हणजे त्या मुलांना दाखवलेलं आमिषसुद्धा आहे. हे ओळखूनही ते घ्यावं की नाही, हे त्यात काय घातलंय यावर ठरतं.

मोठं विद्यापीठ म्हणजे चारशे पानांची पंगत. स्वयंपाक उत्तम, पदार्थ ढीगभर, पण वाढप्याला कोण काय मागतंय हे ऐकू येत नाही. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतातच. ऑनर्स कॉलेज म्हणजे त्याच मांडवात वेगळी मांडलेली आठ पानं: स्वयंपाक तोच, आचारी तेच, पण वाढणारा नावाने ओळखतो.

## ओळखीचा वाढपी कुठे कुठे उपयोगी पडतो

माहितीपत्रकांत फायद्यांची लांबलचक यादी असते. वेगळं वसतिगृह, खास सहली, पदवीदान समारंभाला गळ्यात घालायचं पदक. यातलं बरंचसं शोभेचं आहे. कामाच्या गोष्टी थोड्या आहेत.

अभ्यासक्रम निवडायची पहिली संधी ही त्यातली एक. आपल्याकडे विषय बहुधा ठरलेले असतात, त्यामुळे हिचं मोल चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत दर सत्राला मुलं आपले वर्ग स्वतः ऑनलाइन नोंदवतात, आणि लोकप्रिय वर्ग, सोयीची वेळ, चांगला प्राध्यापक हे सगळं काही तासांत भरतं. हवा तो वर्ग न मिळाल्याने पदवी एका सत्राने लांबली, म्हणजे एका सत्राची फी वाढली. अनेक ऑनर्स प्रोग्रॅममध्ये मुलांना इतरांच्या आधी नोंदणी करता येते. दिसायला क्षुल्लक, हिशेबात मोठी सवलत.

लहान वर्ग दुसरी. बॅरेटमध्ये पहिल्याच वर्षी सगळ्यांना 'द ह्यूमन इव्हेंट' नावाचा दोन सत्रांचा सेमिनार करावा लागतो. जगभरातले जुने-नवे ग्रंथ वाचायचे, त्यावर बोलायचं, लिहायचं. इंजिनीअरिंगचा मुलगाही त्यातून सुटत नाही. जिथे वेगळे ऑनर्स वर्ग पुरेसे नसतात तिथे 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' असतं: वर्ग नेहमीचाच, पण प्राध्यापकाशी ठरवून त्यात जास्तीचं काम करायचं. हे कधी फार चांगलं होतं, कधी 'अजून एक निबंध लिहून दे' एवढ्यावर भागतं. एखाद्या ठिकाणी ऑनर्सची बरीचशी क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, अशा कॉन्ट्रॅक्टवरच उभी असतील तर त्या आठ पानांवर खास काही वाढलं जात नाही, असं खुशाल समजावं.

मग थिसिस. श्रायरमध्ये तो प्रत्येकाला लिहावाच लागतो, शाखा कुठलीही असो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने एक प्रश्न स्वतः ठरवायचा, वर्षभर त्याच्यामागे लागायचं, निम्मा रस्ता चुकायचं आणि तरीही शेवटी काहीतरी पूर्ण करून द्यायचं. परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांपैकी अनेकांना इथे पहिल्यांदा कळतं, की प्रश्न कुणी काढून दिला नाही तर आपल्याला काहीच सुचत नाही. हे विसाव्या वर्षी कळलेलं बरं. पीएच.डी.ला प्रवेश घेऊन दोन वर्षांनी कळलं तर फार महागात पडतं.

आणि थिसिसच्या पोटातून येतं ते शिफारसपत्र. आपल्या मुलांना याचं महत्त्व उशिरा कळतं, कारण आपल्याकडे त्याची रीत वेगळी आहे: "सर, मी ड्राफ्ट करून आणलंय, फक्त लेटरहेडवर सही हवी होती." सरही बिचारे करतात. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशाची समिती हे पत्र खरोखर वाचते. तीनशेंच्या वर्गात शिकवलेल्या प्राध्यापकाला "हिला ए मिळाला, वर्गात वेळेवर यायची" यापलीकडे लिहिता येत नाही. थिसिसचा मार्गदर्शक लिहू शकतो, की पहिला प्रयोग फसल्यावर हिने स्वतःहून पद्धत बदलली, माझी एक चूक दाखवून दिली आणि तिसऱ्या मसुद्यात मुद्दा कसा धारदार झाला. ऱ्होड्स, मार्शल यांसारख्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जांना मदत करणारा विभागही अनेकदा ऑनर्स कॉलेजशी जोडलेला असतो, पण त्या विभागालाही शेवटी अशीच पत्रं लागतात.

## "हुशार मुलं कुठेही चमकतीलच. त्यात ऑनर्सचं काय?"

हा आक्षेप बिनतोड आहे, आणि ऑनर्सची माहितीपत्रकं त्याला सोयीस्कर बगल देतात. 'आमची इतकी मुलं हार्वर्ड लॉ स्कूलला गेली' असं लिहिलेलं असतं. पण तुम्ही निवडलीच ती मुलं जी गेली असती. आधीच उंच उड्या मारणाऱ्यांनाच घ्यायचं आणि मग आमच्याकडे सगळे उंच उडतात असं सांगायचं! याला संशोधक निवडीचा परिणाम म्हणतात.

हा परिणाम वेगळा काढायचा कसा? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी 2002 मध्ये नामांकित विद्यापीठांच्या बाबतीत एक चतुर मार्ग काढला. सारख्याच ठिकाणी अर्ज करून सारखेच प्रवेश मिळालेली मुलं घ्यायची, त्यातली काही नामांकित ठिकाणी गेली, काही कमी नामांकित, आणि मग त्यांच्या पुढच्या कमाईची तुलना करायची. बहुतेकांच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना नामांकित ठिकाणाचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरी आधीच ओळखी आहेत त्यांना विद्यापीठाच्या ओळखींची गरज कमी, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना जास्त, असा त्याचा अर्थ लावता येतो.

खुद्द ऑनर्ससारख्या प्रोग्रॅमबद्दल मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र नामांकित विद्यापीठातून आलेला नाही. तो मेरीलँड विद्यापीठाच्या बॉल्टिमोरजवळच्या शाखेतून, यूएमबीसीतून (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बॉल्टिमोर काउंटी) आलाय. तिथे विज्ञान शाखेत येणारी कृष्णवर्णीय मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षीच गळत होती. फ्रीमन राबोव्स्की हे गणितज्ञ आणि रॉबर्ट मायरहॉफ हे देणगीदार यांनी 1988 मध्ये मायरहॉफ स्कॉलर्स प्रोग्रॅम उभा केला. पहिल्या तुकडीत होती 19 मुलं. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात काही आठवडे एकत्र राहून तयारी, एकट्याने नव्हे तर गटाने अभ्यास, लवकरात लवकर प्रयोगशाळेत काम आणि सतत मागे लागणारे सल्लागार असा त्याचा घाट. पुढे तो सर्व वंशांच्या मुलांना खुला झाला.

इथे तुलनेची सोय आपोआप झाली. निवड होऊनही 'नको' म्हणून दुसऱ्या विद्यापीठात गेलेली मुलं होती. म्हणजे गुणवत्ता तीच, फक्त प्रोग्रॅम नाही. प्रोग्रॅमच्या मूल्यमापनात दिसलं, की विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएच.डी.ला जाण्याचं मायरहॉफ मुलांचं प्रमाण 'नको' म्हटलेल्यांच्या सुमारे पाचपट आहे. 'नको' म्हणणाऱ्यांची मुळात आवड वेगळी असू शकते, हे मान्य. तरीही पाचपट हा आकडा केवळ आवडीने भरून निघेल असं वाटत नाही. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनात महत्त्वाचा वाटा असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच प्रोग्रॅममधून 2008 मध्ये पदवीधर झाल्या. पेन स्टेट आणि चॅपल हिल यांनी नंतर त्याच धर्तीवर आपापले प्रोग्रॅम सुरू केले, तेव्हा हे केवळ एका माणसाच्या करिष्म्यावर चाललेलं नाही, हेही दिसलं.

यातून माझा निष्कर्ष असा: चिठ्ठी लावून वेगळं बसवल्याने काही घडत नाही. रोजच्या व्यवहारात बदल झाला, कुणीतरी मागे लागलं, काम करायला खरं काम मिळालं, तर घडतं.

## "हा पंक्तिप्रपंच नाही का?"

आहे. एकाच पंगतीत काहींना तूप वाढायचं आणि काहींना नाही, याला आपल्याकडे जे म्हणतात तेच हे आहे, आणि सरकारी विद्यापीठात तर तूप सगळ्यांच्या करातून आलेलं असतं. वर्गात प्रश्न विचारणारी मुलं उचलून दुसरीकडे नेली की उरलेला वर्ग गप्प होतो, हा तोटा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

समर्थक म्हणतात, की ही मुलं नाहीतर खासगी विद्यापीठात गेली असती. निदान सरकारी विद्यापीठात राहिल्याने वसतिगृहात, क्लबांत, प्रयोगशाळेत बाकीच्यांना भेटतात तरी. हे अर्धवट खरं आहे. जिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर नव्याने आत यायची वाट उघडी असते, तिथे हा भेदभाव मला कमी टोचतो. सतराव्या वर्षीच्या निबंधावर चार वर्षांचं सगळं ठरू नये. प्रिन्स्टनचं उत्तर आणखी सरळ आहे: कला आणि विज्ञानाच्या पदवीसाठी तिथे थिसिस सगळ्यांनाच लिहावा लागतो. तूप आहे तर सगळ्या पंगतीला. अर्थात प्रिन्स्टनच्या तिजोरीत जेवढं तूप आहे तेवढं इतरांकडे नाही.

## "गुण घसरतील आणि ताण वाढेल"

काहींचे घसरतात. ऑनर्समध्ये टिकायला ठरावीक सरासरी राखावी लागते आणि थिसिसच्या वर्षी अनेक जण बाहेरही पडतात. बाहेर पडल्याने पदवी जात नाही, फक्त ऑनर्सचा शेरा जातो. पदवीनंतर मेडिकल स्कूलला जायचं असेल तर गुणांची सरासरी फार मोलाची, त्यामुळे तिथे हा विचार गंभीरपणे करावा. बाकीच्यांनी बाबांच्या 'जास्तीचा अभ्यास' या भीतीकडे फार लक्ष देऊ नये. व्हर्जिनियात इकोल्स स्कॉलर्सना वर्षानुवर्षं सामान्य सक्तीच्या विषयांतून सूट मिळाली, म्हणजे तिथे ऑनर्सने ओझं वाढवण्याऐवजी मोकळीक दिली.

## मग काकांचं ऑनर्स?

काका म्हणतात ते 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीला लागू झालं. तीन वर्षांची 120 क्रेडिट झाली की पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करून 160 क्रेडिट झाली की ऑनर्सची पदवी. त्यातही दोन वाटा: नुसतं ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत किमान 75 टक्के हवेत आणि चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर एम.ए., एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.साठी पात्र होता येतं, आणि एम.ए. करायचंच असेल तर ते एका वर्षात आटोपतं. तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकेतल्या अनेक पदव्युत्तर प्रवेशांना अपुरी पडते; ती अडचणही चौथ्या वर्षाने बरीच सुटते.

म्हणजे आपलं ऑनर्स हे कालावधीचं आणि विषयाच्या खोलीचं आहे. वेगळी आठ पानं मांडणं त्यात अपेक्षित नाही. पण संशोधनासह ऑनर्स ही वाट कागदावर तरी स्वार्थमोर-श्रायरच्या बरीच जवळ जाते: एक प्रश्न, एक मार्गदर्शक, एक वर्ष. विद्यापीठ अनुदान आयोगाची अट अशी, की ही वाट देणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालणारे विभाग महाराष्ट्रात किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका अटीत सगळी मेख दिसेल.

त्यामुळे तिसरं वर्ष संपवून चौथ्याला थांबायचं की नाही, हे ठरवणाऱ्या मुलांनी आणि परदेशातलं ऑनर्सचं पत्र हातात धरून बसलेल्यांनी विचारायचे प्रश्न जवळपास सारखेच निघतात. मार्गदर्शक कोण, आणि त्यांच्याकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? प्रयोगशाळेचा, फिल्डवर्कचा, संशोधन नियतकालिकांचा खर्च कोण करतं? प्रकल्प तपासतं कोण, घरचेच की बाहेरचं कुणी? मध्येच सोडलं तर हातात काय राहतं? आणि आधीच्या मुलांचं काम बघायला मिळेल का? पेन स्टेटच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर श्रायरच्या मुलांचे थिसिस ठेवलेले आहेत. आपल्या विषयातले दोन-तीन निवडून शनिवार-रविवारी वाचून काढा. वर्षभरात नेमकं काय करायचं असतं, ते माहितीपत्रकापेक्षा त्यांत जास्त कळतं.